वृश्चिक राशीचा घोडा

हे सगळं घडलं २०२३ साली. त्या वर्षी अधिक श्रावण आला, दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली, आणि दिवाळी व अडथळ्यांच्या शर्यतींचा मोसम असे दोघेही एकदमच लतिकाबाई सबनिसांच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी या दोघांची गाठ पडत नाही. पडू नये हेच बरं, असं लतिकाबाईंचं त्यानंतरचं मत आहे.

लतिकाबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि अबू धाबीजवळ खलिफा सिटीत मुलाकडे राहत होत्या. त्यांचे वडील पुण्यात घोड्यांचे डॉक्टर. कॅम्पातल्या तबेल्यांत त्यांचा दिवस जाई, आणि थंडीतल्या शनिवारी संध्याकाळी ते लतिकेला मांडीवर घेऊन मोठ्या रेडिओपुढे बसत. रेडिओवर विलायतेतल्या ओल्या गवतावर घोडे पळत, वाटेत माणसाच्या छातीएवढी कुंपणं येत आणि घोडे त्यांवरून उडत. वडील डोळे मिटून म्हणत, "आता उडी." लतिका श्वास धरी. आई स्वयंपाकघरातून विचारी, "अजून किती वेळ ती खरखर ऐकणार आहात?" आईच्या मते त्या रेडिओत घोडे नव्हतेच, नुसती खरखर होती.

रेडिओ गेला, वडील गेले, पुढे लतिकाबाईंचे यजमानही गेले, पण त्या शर्यती गेल्या नाहीत. त्या नातीच्या जुन्या टॅबलेटवर आल्या. लतिकाबाई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की चष्मा पुसून बसत आणि कुठला घोडा उडीआधी पाय आखडतो, कुठला पाऊस झाल्यावर खुलतो, हे मनाशी नोंदवत. पैशाचा संबंध नव्हता. वडिलांनी जन्मात घोड्यावर आणा लावला नव्हता. पैसे लावणारा माणूस घोड्याचे पाय बघत नाही, असं ते म्हणत. एक इच्छा मात्र त्यांच्या मनात होती. एकदा तिथं जाऊन, कुंपणाला लागून उभं राहून ती उडी प्रत्यक्ष बघायची. हा विषय निघाला की मुलगा धनंजय म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू, आई." असं तो सहा वर्षं म्हणत होता.

खरं तर हा देश घोड्यांचाच. धनंजय त्यांना एकदा इथली शर्यत दाखवायला घेऊन गेला होता. रेशमासारख्या कातडीचे ते घोडे पाहून लतिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण शर्यत संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणि अडथळे कुठायत?"

"इथं सपाटीवर पळतात, आई."

"एवढे देखणे घोडे आणि वाटेत साधं एक कुंपण नाही? मग त्यांचा स्वभाव कळणार कसा?"

धनंजयनं खिशातून पार्किंगचं तिकीट काढून त्यामागचे नियम वाचले. तो एका मोठ्या कंपनीत कम्प्लायन्स बघतो. म्हणजे नियम वाचणे आणि दुसऱ्यांना घाबरवणे. दिवाळीचा कंदील टांगण्याआधी त्यानं व्हिलाचा करार दोनदा वाचला होता.

तर ऑक्टोबरात तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक अरुण ताम्हणकर घरी आले. अरुणराव जबल अलीच्या एका गोदामात मॅनेजर. दिवसभर कंटेनर हलवायचे आणि संध्याकाळी मराठी साहित्य. ते म्हणाले, "काकू, अंकासाठी काहीतरी लिहाच. फक्त 'आमच्या वेळची दिवाळी' नको. सात आल्यात."

लतिकाबाईंना आयुष्यात प्रथमच कुणीतरी लिहायला सांगत होतं. त्या म्हणाल्या, "घोड्यांवर लिहू?"

"लिहा की! हबीबी, अबू धाबीत घोड्यांवर नाही लिहायचं तर कशावर?" अरुणराव मनात घड्याळ बघत होते, हे नंतर सर्वांच्या लक्षात आलं.

लतिकाबाईंनी आठवडाभर खपून लेख लिहिला. 'नव्या मोसमात लक्ष ठेवावे असे बारा घोडे'. प्रत्येक घोड्याचं वय, घराणं, स्वभाव, प्रकृती, आणि यंदा त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी. वडील दर मोसमाला बाराच निवडत, म्हणून बारा. लेख अरुणरावांच्या हाती देताना त्यांना मुलीची पाठवणी करताना झालं होतं तसंच काहीसं झालं.

अंकाचं प्रकाशन दिवाळी पहाटेला झालं. घरी आल्यावर लतिकाबाई चहा आणि चकली घेऊन बसल्या आणि त्यांनी अनुक्रमणिका काढली. त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. 'आमच्या वेळची दिवाळी' आठ झाल्या होत्या, एअरफ्रायरमधल्या अनारशांवर पाच पानं होती, डेंटिस्टची पानभर जाहिरात होती, पण घोडे नव्हते. बरोबर आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, म्हातारीचं कोण छापतं. आणि मन रमवायला म्हणून शेवटची पानं उघडली, जिथं दरवर्षी राशिभविष्य असतं.

मेष: 'सुरुवात धडाक्यात करतो, पण शेवटच्या चढावर दम लागतो. वजन उतरवल्यास फायदा होईल.'

लतिकाबाईंना हे ओळखीचं वाटलं.

कर्क: 'गेल्या वर्षी श्वासाची शस्त्रक्रिया झाल्यापासून मोकळा वाटतो. पाऊस झाल्यास चमकेल.'

त्यांच्या हातातली चकली चहात पडली. पानावर विंचवाचं सुबक चित्र होतं आणि त्याखाली त्यांचंच वाक्यन् वाक्य. वृश्चिक: 'वय लहान, पण घराणे उत्तम. देखणा, उंच, खाण्यापिण्यात चोखंदळ. वडिलांकडून वेग, आईकडून हट्ट. सोबतीला कोणी असल्यास शांत; एकटा पडल्यास बावरतो. मोठ्या अडथळ्यासाठी अजून तयार नाही. यंदा उडी मारण्याची घाई करू नये. केल्यास तोंडघशी पडण्याचा संभव. पुढच्या मोसमात मात्र याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही.'

अरुणरावांनी पहिल्या रिंगलाच फोन उचलला. माणसाला अपराधी वाटत असलं की तो फोन पटकन उचलतो.

"काकू, आधी ऐका, मग रागवा. आपले मिरजेचे ज्योतिषीबुवा यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून बसले. भविष्यच आलं नाही. इकडे बारा चौकटी तयार, चित्रं काढून झालेली, डिझायनर पान बदलायला तयार नाही. आणि तुमचा लेख हातात. त्यात घोडे, शर्यत. इथं असं छापलं की लोकांना जुगार वाटणार. आपले डेंटिस्ट जाहिरात काढून घेतील. म्हणून मी घोडा, शर्यत, जॉकी, तबेला असले शब्द तेवढे उडवले. बाकी तुमच्या अक्षरालाही हात लावला नाही."

"अरे, त्यातून घोडे काढल्यावर उरतं काय?"

"त्याचंच मला आश्चर्य वाटलं, काकू. सगळं उरलं."

धनंजयनं हे ऐकलं आणि तो सोफ्यावर बसला. त्यानं अंक उघडून बाराही चौकटी वाचल्या. मग म्हणाला, "म्हणजे जुगाराचा संशय नको म्हणून यांनी ज्योतिष छापलं. आई, इथं लोकांना भविष्य सांगणं चालत नाही! आणि ते घोड्यांचं आहे हे कळलं तर मग पुन्हा जुगार! एका लेखात दोन्ही बाजूंनी अडकलो आपण."

"डॅड, चिल. इट्स जस्ट हॉर्सेस," केया म्हणाली. ती त्यांची नात, पंधरा वर्षांची. "व्हॉट्स माय साइन, आजी?"

"तुझी कन्या. वाच की."

"आय कान्ट रीड दॅट फास्ट."

चार दिवस काही झालं नाही. धनंजयला वाटलं, मराठी माणूस दिवाळी अंक विकत घेतो, वाचत नाही. पण भविष्य वाचतो, हे तो विसरला. मंडळातल्या मेषेच्या मंडळींनी फराळ बंद करून फिरायला जायला सुरुवात केली होती. डेंटिस्ट मिथुनेचे. मिथुनेखाली लिहिलं होतं, 'उजव्या वळणावर बिचकते. शक्यतो डावीकडेच वळवावे.' ते चार दिवस क्लिनिकला जाताना एकही उजवं वळण न घेता, यू-टर्न मारत मारत, पाऊण तास उशिरा पोचत होते. पेशंट चिडत होते. डेंटिस्ट मात्र म्हणत होते की इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी अल रीम आयलंडहून टॅक्सी करून गिरिजाबाई सामंत आल्या. काखेत अंक.

"लतिकाताई, मी बसत नाही," असं म्हणून त्या बसल्या. "सुयशचं लग्न वर्षभर पुढे ढकलायचं."

लतिकाबाईंनी फराळाची बशी होती तिथंच खाली ठेवली. सुयश हा गिरिजाबाईंचा एकुलता एक मुलगा, एकतीस वर्षांचा, रीम आयलंडवर एका टॉवरमध्ये आईसह राहणारा इंजिनिअर. त्याचं लग्न ठरलं होतं ममताशी, आणि ममता म्हणजे लतिकाबाईंच्या सुनेची मामेबहीण. मुहूर्त जानेवारीतला, पुण्यातलं कार्यालय ठरलेलं. ममताची कंपनी तिला तीन वर्षांसाठी टोरांटोला पाठवायला टपलेली. ती लग्नासाठी म्हणून ते टाळत आली होती. लग्न एक वर्ष पुढे गेलं तर ती जाणार, आणि गेली की काय होणार हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती.

"मुलीकडच्यांना तुम्हीच सांगा, तुमच्या घरातली आहे," गिरिजाबाई म्हणाल्या. "हे बघा. 'उडी मारण्याची घाई करू नये.' इतकं स्पष्ट कधी लिहून येत नाही. एरवी आपलं 'प्रवासाचे योग, पोटाचे विकार'. दोन वर्षांपूर्वी 'पाण्यापासून जपा' आलं होतं आणि त्याच आठवड्यात आमचं वॉशिंग मशिन फुटलं."

आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. "गिरिजाताई, ते भविष्य नाही. ते घोडे आहेत."

"कोण घोडे?"

"बाराही. तिकडचे, आयर्लंड-इंग्लंडचे. तुम्ही वाचताय तो बटरमिल्क जॅक. पाच वर्षांचा आहे, तपकिरी."

गिरिजाबाईंनी पानावरच्या विंचवाकडे पाहिलं. "बटरमिल्क म्हणजे ताक?"

"ताकच."

"माझ्या सुयशच्या राशीला ताक?" त्यांना धक्का बसला होता, पण तो कशाचा हे लतिकाबाईंना अजून कळलं नव्हतं. गिरिजाबाईंनी पुन्हा अंक उघडला. बोट फिरवत वाचू लागल्या. "'देखणा, उंच.' आहे की नाही? 'खाण्यापिण्यात चोखंदळ.' भेंडी चालत नाही त्याला. 'एकटा पडल्यास बावरतो.' अहो, पाचवीत सहलीला गेला तर सरांना फोन करून मला बोलवायला लागलं. 'वडिलांकडून वेग, आईकडून...'" इथं त्यांना खोकला आला आणि त्या पुढच्या ओळीवर गेल्या. मग अंक मिटून शांतपणे म्हणाल्या, "घोडा असो नाहीतर कोणी असो, लतिकाताई. लिहिलंय ते खरं आहे. ग्रह कुणाच्या तोंडून बोलतील सांगता येत नाही. यंदा तुमच्या तोंडून बोलले."

दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळाला कळलं. लोक फसवणूक झाली म्हणून चिडतील, या भीतीनं अरुणरावांनी फोन बंद ठेवला होता. पण चिडलं कोणीच नाही. सकाळपासून लतिकाबाईंचाच फोन वाजत राहिला, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच. "काकू, आमचा घोडा कोणता?" सिंहेच्या एका बाईंनी आपल्या घोड्याचा फोटो देवघरात ठेवला. डेंटिस्टना मिथुनेची ती करडी घोडी आहे हे कळल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "उजवीकडे अजूनही बिचकते का?"

शेजारच्या व्हिलातल्या बदरुन्निसाआपाही कुंपणापाशी आल्या. आपा मूळच्या दापोलीकडच्या. चाळीस वर्षं इथं काढली तरी त्यांची बोली तिकडचीच राहिली होती. "लतिकाबाय, माझी रास कंची?"

"आपा, तुमच्याकडे कुठं असते रास?"

"नसली म्हणून काय झालं? घोडे वाटायला लागलास नि शेजारणीला वगळतास? ती मासळी काढलीय ना, ती माझी." अशा रीतीनं आपा मीन राशीच्या झाल्या आणि त्यांना एक म्हातारा, समजूतदार पांढरा घोडा मिळाला.

त्या संध्याकाळी सुयश आणि ममता आले. सुयश सोफ्याच्या कडेवर बसला, जणू सोफा कोणाचा आहे याची खात्री नव्हती. "काकू, आईला मी काही सांगू शकत नाही. लॉजिक चालत नाही तिथे."

"मी सांगून पाहिलं," ममता म्हणाली. "म्हटलं, एक वर्ष थांबायला मी काही घोडा नाही. तर म्हणतात, तू नाहीस गं, तो आहे. काकू, एकच मार्ग आहे. शुद्धिपत्र. दिवाळी अंकात चुका असतातच. अरुणकाका ग्रुपवर टाकतील. 'वृश्चिकेखाली चुकून तयार नाही असे छापले गेले, तयार आहे असे वाचावे.' खलास."

शुद्धिपत्राची एक ओळ. लतिकाबाईंनी कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि थांबल्या. त्यांना वडील आठवले. एका बड्या मालकानं लंगडा घोडा ठणठणीत आहे असं लिहून मागितलं होतं. वडील नाही म्हणाले आणि त्या तबेल्याचं काम कायमचं गेलं. त्या महिन्यात घरात दूध निम्मं यायचं.

"ममता, तो तयार नाहीये गं. सराव करतानाचे दोन व्हिडिओ पाहिलेत मी. कुंपणाशी आला की मान वर करतो. मी कसं लिहू की तयार आहे?"

"म्हणजे आमच्यापेक्षा घोडा मोठा?"

लतिकाबाईंनी पेनला टोपण लावलं. ममता चहा न घेता गेली. रात्री सूनही मोजकंच बोलली. लतिकाबाईंना वाटलं, जन्मभर कुणी आपल्याला घोड्यांबद्दल विचारलं नाही तेच बरं होतं.

आणि गुरुवारी टॅबलेटवर बातमी दिसली. बटरमिल्क जॅक, शनिवारी, मोठ्या कुंपणांची पहिली शर्यत.

लतिकाबाईंना हा वैयक्तिक अपमान वाटला. आपण इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना या माणसांनी घोडा उतरवला! आयर्लंडमधल्या कुणी मंडळाचा दिवाळी अंक वाचला नसणार, हे डोक्यानं पटत होतं. मनाला पटत नव्हतं. त्यांनी अरुणरावांना सांगितलं, अरुणरावांनी ग्रुपवर टाकलं, आणि पाचच मिनिटांत गिरिजाबाईंचा निकाल आला. "शनिवारी नीट उडी मारली तर जानेवारी. पडला तर वर्षभर पुढे. यावर चर्चा नाही."

आता अवघड झालं. तो पडला तर लतिकाबाईंची नजर खरी ठरणार, पण लग्न मोडणार. उडाला तर लग्न होणार, पण वडिलांनी शिकवलेली नजर खोटी पडणार. आणि चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्या देवापुढे बसून आपण चुकीचे ठरावं अशी प्रार्थना करत होत्या.

शर्यत सगळ्यांना बघायची होती. घरात एवढी माणसं मावेनात, म्हणून कम्पाउंडमधला कम्युनिटी हॉल घ्यायचं ठरलं. अर्ज धनंजयनंच भरला, कारण दुसऱ्या कुणी भरला असता तर त्याला झोप लागली नसती. 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यापाशी तो अर्धा तास बसला. क्रीडा लिहिलं तर वेगळी परवानगी. धार्मिक लिहिलं तर त्याहून वेगळी. 'चित्रपट प्रदर्शन'पुढे लायसन्स क्रमांक विचारला होता. विनापरवानगी फक्त एकच गोष्ट करता येत होती, वाढदिवस.

"मग वाढदिवस लिही," लतिकाबाई म्हणाल्या. "शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एक जानेवारीला असतो."

"आई, आज नोव्हेंबर आहे. आणि घोड्याचं एमिरेट्स आयडी कुठून आणू?"

"माझं लिवा," कुंपणापलीकडून आपा म्हणाल्या. "माझ्या आईला तरी कुठं माहीत होती तारीख?"

पाचशे दिरहॅम डिपॉझिट भरावं लागलं. "म्हणजे अकरा हजार रुपये," गिरिजाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "एका ताकापायी!"

शनिवारी संध्याकाळी सातला हॉल गच्च भरला. मेषवाले सडसडीत दिसत होते. गिरिजाबाई पहिल्या रांगेत हात जोडून बसल्या होत्या, सुयश त्यांच्या शेजारी, आणि ममता अगदी मागे दाराशी, पर्स खांद्याला लावूनच. पडद्यावर पाऊस पडत होता. तिकडचं ते काळसर हिरवं गवत बघून लतिकाबाईंना क्षणभर पुण्यातली ती खोली आणि वडिलांच्या कोटाचा वास आठवला.

"आपला कुठला?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"तो. पांढऱ्या कपाळाचा. जॉकीनं निळं घातलंय." लतिकाबाईंच्या लक्षात आलं की जॉकीनं लगाम फार आवळून धरलाय. घोड्याचं तोंड छातीशी आलं होतं.

शर्यत सुटली. नऊ घोडे पहिल्या कुंपणाकडे निघाले. हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की एसीचा आवाज ऐकू येऊ लागला. लतिकाबाई नकळत पुटपुटल्या, "आता उडी."

जॅकनं मान वर केली, जॉकीनं ती खाली ओढली, दोघांचं जमेना, आणि घोडा उडाला तेव्हा निळा जॉकी घोड्याच्या कानांवरून पुढे जाऊन गवतावर तोंडघशी आपटला.

"गेलं," कोणीतरी म्हणालं. सुयशनं डोळे झाकले. मागे दार उघडल्याचा आवाज आला. आणि त्याच क्षणी त्या दारातून कम्पाउंडचा सुरक्षारक्षक खैरुद्दीन वाढदिवसाचा बाहेर ठेवलेला केक नियमानुसार तपासून, सौजन्यानं तो उचलून, मेणबत्त्या पेटवून आत आला. "हॅपी बर्थडे टू यू, आपा!" त्यानं एकट्यानंच पूर्ण गाणं म्हटलं. ममताला बाहेर पडता येईना, कारण दारात खैरुद्दीन आणि पेटलेला केक होता.

"अरे थांबा!" लतिकाबाई ओरडल्या. इतक्या मोठ्यानं ओरडताना त्यांना घरातल्या कुणीच कधी ऐकलं नव्हतं. "घोडा बघा!"

घोडा पळत होता. पाठीवर कोणी नाही, लगाम मानेवर सैल पडलेला, आणि जॅक एकटाच दुसऱ्या कुंपणावरून असा उडाला की लतिकाबाईंच्या अंगावर काटा आला. तिसरं कुंपण, चौथं, पाण्याचा खंदक. कान पुढे, मान लांब. बाकीच्या घोड्यांच्या सोबतीनं निवांत पळाला, मग त्यांना मागे टाकून निघाला. हॉल उभा राहिला होता. केया खुर्चीवर चढून "उडी, उडी!" ओरडत होती, चक्क मराठीत. शेवटच्या कुंपणावरून जॅक पक्ष्यासारखा गेला आणि सगळ्यांच्या आधी शर्यत संपते त्या खांबापलीकडे पोचला.

"पहिला आला!" अरुणराव नाचू लागले. "यल्ला! चला, जानेवारी!"

"नाही आला," लतिकाबाई म्हणाल्या.

सगळे थिजले. धनंजयनं आईकडे बघून 'आता तरी गप्प बस' असा चेहरा केला.

"जॉकीशिवाय आलेला घोडा मोजत नाहीत. निकालात त्याचं नाव येणार नाही."

गिरिजाबाई सावकाश वळल्या. "पण तो पडला का?"

"तो नाही पडला."

"मग तोंडघशी कोण पडलं?"

"पाठीवर बसलेला."

बदरुन्निसाआपा केक कापत होत्या. त्यांनी सुरी न थांबवता म्हटलं, "पाठीवरचा उतरला तेव्हा कसा उडाला बघितलास ना, बाय."

गिरिजाबाईंकडे कुणीही पाहिलं नाही. चाळीस माणसांनी एकाच वेळी केककडे पाहिलं. फक्त सुयशनं आईकडे पाहिलं, आणि तिच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला. त्या हाताला तिनं शर्यतभर घट्ट धरून ठेवलं होतं, हे तिच्याही तेव्हाच लक्षात आलं.

"लतिकाताई," गिरिजाबाईंचा आवाज बदलला होता. "तुम्ही खोटं बोलत नाही हे मी या आठवड्यात पाहिलं. खरं सांगा. घोडा तयार आहे का?"

लतिकाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. जॅकला पकडून नेत होते. तो शांतपणे गवत खात होता. "मी चुकले, गिरिजाताई. मला वाटलं त्याला उडी येत नाही. उडी येते त्याला. लगाम आवळला होता. सैल सोडला की येते."

गिरिजाबाईंनी केकची बशी घेतली, सुयशला भेंडी नकोशी तशी मलईही नकोशी म्हणून सवयीनं त्याच्या तुकड्यावरची मलई काढायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. म्हणाल्या, "जानेवारीत पुण्यात थंडी असते. ममता, शाल घे बरोबर. आणि ती पर्स खाली ठेव आता."

लग्न जानेवारीतच झालं. सुयश आणि ममता दोघंही टोरांटोला गेले. सुयश तिथं बर्फात घसरून पडला, आईला फोन न करता उठला. गिरिजाबाई पुण्याला परतल्या. त्या राशिभविष्य वाचत नाहीत, पण त्यांच्या मोबाइलवर जॅकच्या शर्यतींचे अलार्म लावलेले आहेत. पुढच्या वर्षी मिरजेच्या बुवांचं भविष्य वेळेवर आलं आणि अरुणरावांकडे तक्रारी आल्या की त्यात दम नाही, घोडे परत आणा. डेंटिस्ट उजवीकडे वळू लागले आहेत. खैरुद्दीन आता दर नोव्हेंबरात आपांना शुभेच्छा देतो आणि आपाही त्या स्वीकारतात. धनंजयला पाचशे दिरहॅम परत मिळाले, फक्त मेणाच्या डागाचे कापून. केया आपल्या कन्येच्या घोडीसाठी भराभर मराठी वाचायला शिकली. आता ती इंग्रजीत उत्तर देण्याआधी निदान मराठीत विचार करते. जॅकनं पुढच्या मोसमात नव्या जॉकीसह तीन शर्यती जिंकल्या, मग पायाच्या दुखण्यानं निवृत्त झाला. सोबतीला एक गाढव आहे. सोबत असली की तो शांत असतो.

या सगळ्यात लतिकाबाईंची स्वतःची रास कोणती हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. २०२४च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी धनंजय पुन्हा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, आई."

"मी वृश्चिकेची आहे रे," लतिकाबाई म्हणाल्या. "पुढचा मोसम आलाय. माझ्या उडीची वेळ झाली."

त्या केयाला घेऊन विलायतेला गेल्या. ओल्या गवतात, कुंपणापासून हातभर अंतरावर, दोन स्वेटर आणि एक रेनकोट घालून उभ्या राहिल्या. घोडे आले तेव्हा आधी पायाखालची जमीन थरथरली, मग कुंपणातल्या फांद्या मोडल्याचा करकर आवाज, वीसेक घोड्यांचा श्वास, ओल्या चिखलाचे शिंतोडे. लतिकाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"आजी, आर यू ओके?"

"अगं," लतिकाबाई चष्म्यावरचा चिखल पुसत म्हणाल्या, "ती खरखर नव्हतीच. रेडिओत हाच आवाज होता."